आधी ऐकणाऱ्यांची तयारी

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचं नाव महाराष्ट्रात निघतं ते लढाईमुळे. ११ मार्च १७९५ या दिवशी शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एकत्र लढले, निजाम हरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि शेवटी तहाला तयार झाला. शाळेच्या पुस्तकातला परिच्छेद इथे संपतो. विद्यार्थ्यांनी मनाच्या आजाराबद्दल उघड बोलावं, या माझ्या पुस्तकाच्या विषयाच्या दृष्टीने मात्र मला त्यानंतरचे सात महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

त्या मोहिमेत पेशवा म्हणून हजर असलेला सवाई माधवराव तेव्हा वीस वर्षांचा होता, म्हणजे आजच्या हिशेबाने एस. वाय.ला किंवा टी. वाय.ला असण्याच्या वयाचा. जन्माआधीच बापाचा खून झालेला, वयाच्या चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं मिळालेली, तीन वर्षांचा असताना आई गेलेली. पुढचं सगळं आयुष्य नाना फडणवीसांच्या नजरेखाली गेलं. खर्ड्याहून विजयी होऊन पुण्यात आल्यावर काही महिन्यांत नात्यातल्या बाजीरावाशी चाललेला त्याचा चोरटा पत्रव्यवहार उघडकीला आला, नानांनी खडसावलं आणि त्यानंतर तो खोलीबाहेर पडेनासा झाला, असं ग्रँट डफ लिहितो. तरी दसऱ्याला तो फौजेसमोर आला, सरदारांना भेटला. पाहणाऱ्याला वाटलं असेल, आता बरा दिसतोय. २५ ऑक्टोबरला तो शनिवारवाड्यात वरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. तापाच्या भरात तोल गेला की त्यानेच जीव दिला, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. मी निवाडा करत नाही. पण दरबारभर माणसं असताना त्या मुलाला काय होतंय हे विचारायचं कुणाचं काम होतं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं, एवढं नक्की दिसतं.

याच जामखेड तालुक्यातली दुसरी कथा चौंडीची. चौंडीच्या अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव १७६६ मध्ये आजोबांच्या, म्हणजे मल्हाररावांच्या, गादीवर बसला आणि १७६७ मध्ये, बाविशीच्या आतबाहेर, वारला. त्याच्या मनाचा तोल गेला होता. माल्कमने नोंदवलेल्या हकिकतीनुसार, त्याच्या हातून मारल्या गेलेल्या एका कारागिराचं भूत त्याला लागलंय असं लोक मानत होते आणि अहिल्याबाई मुलाच्या उशाशी बसून त्या भुताची विनवणी करत होत्या. हकिकतीत खरं किती, लोकांनी रचलेलं किती, कोण सांगणार. पण राज्याचा कारभार पुढे इतक्या शहाणपणाने चालवणाऱ्या बाईकडेही मुलाच्या आजारासाठी त्या काळात एवढाच एक शब्द होता. तो तिचा दोष नव्हे. दोष आपला, कारण अडीचशे वर्षं उलटल्यावरही ‘बाहेरचं काहीतरी असेल, एकदा दाखवून आणा’ हे वाक्य आपल्या घरात तितक्याच सहज निघतं.

आता आजकडे येऊ. बालाघाटच्या कडेचा हा दुष्काळी पट्टा आहे. दिवाळी सरली की अनेक घरांतली कर्ती माणसं कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जातात आणि अकरावी-बारावीची मुलं आजीच्या भरवशावर मागे राहतात. परीक्षेचे महिने आणि ऊसतोडीचा हंगाम नेमके एकत्र येतात. काही मुलं नीटच्या तयारीला लातूरला पाठवली जातात, त्यासाठी कधी जमिनीचा तुकडा गहाण पडलेला असतो. काही पदवीनंतर पुण्याला जाऊन अभ्यासिकेत बसतात, चार वर्षं उलटली की सुट्टीत गावी येताना एसटी शक्यतो रात्रीची पकडतात, कारण दिवसा पारावर कुणीतरी हमखास विचारतं, “काय, निघाली का पोस्ट?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या प्रश्नाला टाळून मागच्या बोळाने घरी जाणारी मुलं मी पाहिली आहेत. मुलींचं आणखी वेगळं. झोप लागत नाही, छातीत धडधडतं असं एखादीने घरी सांगितलंच, तर औषधाआधी स्थळ शोधलं जातं. लग्न झालं की होईल नीट, असं सांगणारी मावशी प्रत्येक घरात असते.

गप्प राहण्याचं मूळही इथेच आहे. मनाच्या आजाराबद्दल समाजाची मनोवृत्ती तपासणाऱ्या पाहण्यांत प्रश्नांची एक चढती शिडी असते: असा माणूस शेजारी चालेल का, कामावर सोबत चालेल का, घरात सोयरीक कराल का? आपल्याकडे खरी परीक्षा शेवटच्या पायरीवर होते. माणूस शेजाऱ्याला सांभाळून घेतो, त्याच्या पोराला दवाखान्यात नेतो, पण ‘त्यांच्यात आहे’ हे दोन शब्द सोयरिकीच्या बैठकीत उच्चारले गेले की त्या घरातल्या धाकट्या बहिणीचंही जुळत नाही. त्यामुळे विद्यार्थी गप्प बसतो तो केवळ स्वतःच्या लाजेने नव्हे. तो घराण्याची अब्रू राखत असतो.

ही राखण किती बारीक असते, ते औषधाच्या दुकानात दिसतं. मानसोपचार तज्ज्ञाची चिठ्ठी खिशात आहे, पण गावातला मेडिकलवाला चुलत्याच्या वर्गातला. चिठ्ठी काउंटरवर ठेवली की तो नाव वाचणार, गोळी वाचणार, वर बघणार आणि हळूच विचारणार, “कुणासाठी रे?” म्हणून चिठ्ठीची घडी पुन्हा खिशात जाते. मुलगा क्रोसिन घेऊन बाहेर पडतो आणि गोळ्या जामखेडला किंवा नगरला मिळतील तेव्हा घेतो. मधल्या आठ दिवसांत गोळ्या बंद. अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण ते सांगायलाही आधी बोलणं व्हावं लागतं. उपचार मध्येच सुटण्याची कारणं शोधताना आपण पैसा, अंतर, अज्ञान मोजतो. मेडिकलवाल्याची ती नजर कुठल्याच तक्त्यात येत नाही.

कॉलेजात दुसरी तऱ्हा. कट्ट्यावर ‘सायको’, ‘येडा’, ‘याला येरवड्याला सोडा’ हे शब्द दिवसभर उडत असतात. ‘डिप्रेशन’ हा शब्दही आता सगळ्यांच्या तोंडी आहे, क्रिकेटची मॅच हरली तरी वापरतात. पण ज्याला खरंच नैराश्याने घेरलंय तो त्याच कट्ट्यावर सगळ्यांत मोठ्याने हसत असतो.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात चार म्हणा. या चौघांतला प्रत्येक जण, वर्गात आपण एकटेच असे, असं धरून चाललेला असतो. त्याला दुसरा दिसला, की निम्मं ओझं तिथेच उतरतं. विद्यार्थ्यांनी उघड बोलावं या मागणीचा सगळा अर्थ मला तरी इतकाच वाटतो.

ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकणाऱ्या ॲलिसन माल्मन हिच्या भावाने २००० साली आत्महत्या केली. आपला आजार तो बराच काळ लपवत होता. तिने कॉलेजातच विद्यार्थ्यांचा गट काढला, त्यातून पुढे ‘ॲक्टिव्ह माइंड्स’ ही संस्था उभी राहिली आणि शेकडो कॉलेजांत पसरली. त्यांचं एक प्रदर्शन प्रसिद्ध आहे: मैदानात १,१०० दप्तरं मांडून ठेवायची, अनेकांसोबत गेलेल्या मुलाची गोष्ट लिहिलेली. चांगलंच आहे. पण खर्ड्याच्या मैदानात उद्या दप्तरं मांडली, तर पहिल्या तासाभरात कुठलं दप्तर कुणाच्या घरचं हे सगळ्या गावाला कळेल. शहराचं निनावीपण गृहीत धरून केलेली युक्ती जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे जशीच्या तशी उचलता येत नाही. आणि उचलायची गरजही नाही, कारण कलंक कसा घालवायचा याचा एक धडा इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आधीच गिरवून झाला आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेलं, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेलं हे जोडपं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या कामाचा दाखला दिला, हे सगळं आता सर्वज्ञात आहे. मला त्यातली कुष्ठरोगाची बाजू इथे मांडायची आहे. त्या काळी कुष्ठरोग्याला गावकुसाबाहेर काढत, त्याच्या घरी सोयरीक करत नसत. सरकारी पद्धतही वेगळा दवाखाना, वेगळा कर्मचारी अशीच होती, म्हणजे दाराशी उभा राहिलेला रोगी तिथेच ओळखला जाई. आरोळ्यांनी हे वेगळेपण मोडलं. खोकल्याचा, बाळंतपणाचा, कुष्ठाचा रोगी एकाच रांगेत बसू लागला. आणि गावागावांतून ज्या बायका आरोग्य सेविका म्हणून निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर, बऱ्याच दलित होत्या. त्या जामखेडला एकत्र राहून, एकत्र जेवून शिकत, गावी परतून चट्टा ओळखत, औषध चालू आहे का ते बघत आणि त्या घरात बसून चहा घेत. डॉक्टरच्या भाषणाने जे झालं नसतं ते शेजारणीने तिथे घेतलेल्या चहाने झालं.

यातून तीन गोष्टी मला मनाच्या आजारासाठी जशाच्या तशा घ्याव्याशा वाटतात. वेगळी रांग नको. सांगणारा माणूस आपल्यातला हवा. आणि त्या माणसाला आधी शिकवलेलं हवं. तिसऱ्या गोष्टीकडे आपण हमखास दुर्लक्ष करतो. कॉलेजात ‘मानसिक आरोग्य दिन’ येतो, १० ऑक्टोबरला पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, पाहुणे सांगतात, मुलांनो, मोकळेपणाने बोला. बोलायचं कुणाशी, हे मात्र कुणीच सांगत नाही. एखाद्या मुलाने त्याच संध्याकाळी धीर करून रूममेटला सांगितलं आणि रूममेट म्हणाला, “जाऊ दे ना भावा, चल चहा मारू,” तर तो मुलगा पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही. म्हणून बोलण्याच्या मोहिमेआधी ऐकण्याची शाळा घ्या, असं माझं म्हणणं आहे. हे पुस्तक बोलणाऱ्यांसाठी आहेच. त्याहून जास्त ते त्या रूममेटसाठी आहे.

याला अभ्यासाचाही आधार आहे. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कलंक कमी करणाऱ्या जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मोठ्या माणसांत माहिती देण्यापेक्षा आजारातून गेलेल्या व्यक्तीची प्रत्यक्ष भेट जास्त उपयोगी पडली, आणि समोरासमोरची भेट चित्रफितीपेक्षा सरस ठरली. पण किशोरवयीन मुलांत उलट दिसलं, तिथे माहितीचा परिणाम जास्त होता. म्हणजे आठवी-नववीच्या वर्गात आधी आजार म्हणजे काय हे नीट शिकवा, अनुभवकथन कॉलेजात आणा. दोन्हीकडे एकच कार्यक्रम रेटण्यात अर्थ नाही.

बिहारचा ‘सेहेर’ प्रयोग आपल्या शिक्षकांनी जरूर वाचावा. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेच्या लोकांनी नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत तो केला, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काही शाळांत तोच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या साध्या तरुण-तरुणींनी राबवला, काही शाळांत शिक्षकांनी. पहिल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांचं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असं मुळीच नाही. ज्याच्या हाती गुण आहेत, हजेरी आहे, बापाला फोन करण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढे मूल मन उघडत नाही, हा माझा त्यावरचा अर्थ. आरोळ्यांची शेजारीण आणि बिहारची ती ताई, दोघींच्या हातात छडी नव्हती.

इथवर सगळं सोपं वाटेल, म्हणून एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. बोलणं सगळ्यांना सारख्याच किमतीत पडत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याच खर्ड्यात शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, या कारणावरून तो झाला असा आरोप होता. बरेच साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. त्या मुलाचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, इथे पुन्हा घेत नाही. ज्या गावात कोण कुणाशी बोलतं याचा हिशेब ठेवला जातो आणि न्यायालयात बोलायची वेळ आली की माणसं मुकी होतात, तिथे ‘मनातलं बोला’ हा सल्ला सरसकट देणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, हा मुलगा बोलला तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? कॉलेजातला ऐकणारा गट निवडताना त्यात सगळ्या वस्त्यांतली मुलं-मुली आहेत ना, हे बघणं म्हणूनच उपचाराचा भाग आहे. जातीवरून टोमणे खाणाऱ्या मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ सांगणं ही क्रूर थट्टा आहे. त्याच्या दुःखाचं निदान करताना त्याला दुखावणाऱ्यांचंही नाव घ्यावं लागेल.

दुसऱ्या टोकाचा धोकाही आहे. ल्युसी फूक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी २०२३ मध्ये शंका मांडली की, जागृतीच्या भरात काही तरुण रोजच्या ताणालाही आजाराचं नाव देऊ लागतात आणि त्या नावानेच खचतात. मला ही शंका गंभीर वाटते. परीक्षेआधी पोटात गोळा येणं हा विकार नव्हे. आजी गेल्यावर महिनाभर रडू येणं हाही नव्हे. पण हे टोक पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचं. आपल्याकडे अजून पहिलीच अडचण सुटलेली नाही, तेव्हा दुसऱ्या अडचणीच्या भीतीने गप्प बसण्याचं कारण नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास, माणसांतलं मन सगळंच उडालं असेल, तर दाखवून घ्यावं. एवढी खूण पुरे.

दाखवायचं कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, पण खर्ड्याहून नगरला जाऊन येण्यात दिवस मोडतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवावा. आपल्या कॉलेजात तो माणूस कुठल्या खोलीत बसतो, हे प्राचार्यांना विचारायचा हक्क आता विद्यार्थ्यांना आहे. ती खोली मात्र ऑफिसच्या समोर, सगळ्यांना दिसेल अशी ‘समुपदेशन कक्ष’ पाटी लावून नको. ग्रंथालयाशेजारी, करिअरची माहितीही जिथे मिळते अशी असू दे. आत कोण कशासाठी गेलं हे बाहेरच्याला कळता कामा नये. वेगळी रांग नको, ती अशी.

कायद्याबद्दलही एक भीती काढून टाकायला हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही. मित्रावर खटला होईल म्हणून त्याला दवाखान्यात न नेण्याचं आता काहीच कारण नाही. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही हाच कायदा देतो. अठराच्या आतल्या मुलांच्या उपचारात मात्र पालक लागतात, म्हणून अकरावी-बारावीच्या मुलाशी बोलताना ‘घरी कुणाला सांगू शकतोस?’ हा प्रश्न लवकर विचारावा. आई-बाप फडावर असतील तर आधी सांगायला आजी, मामा, एखादे सर, कुणीही चालेल.

आता त्या रूममेटशी थोडं. मित्राने सांगायला सुरुवात केली की मोबाइल उलटा ठेव. तुझी गोष्ट मध्ये घालू नकोस, ‘माझं तर याहून वाईट झालं होतं’ हे तर नाहीच. उपाय सुचवायची घाई करू नकोस. तो थांबला तर तूही थोडा थांब. जीव नकोसा झालाय असा सूर लागला तर सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट विचारणाऱ्यापुढे माणूस मोकळा होतो. तो ‘हो’ म्हणाला, तर त्या रात्री त्याला एकटा सोडू नकोस. शेतीचं औषध, गोळ्या, असं काही खोलीत असेल ते हलव. १४४१६ तू लाव आणि स्पीकरवर ठेव. सकाळी पहिल्या गाडीने त्याच्यासोबत दवाखान्यात जा, केस पेपर काढायला रांगेत तू उभा राहा. आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असं त्याने शपथ घालून सांगितलं असेल, तर एवढ्या एका बाबतीत ती शपथ मोड. तो चार दिवस रागावेल, बोलणार नाही. रागावू दे.